कपाशीवर २,४-डी आणि दहा दिवसांचं मौन



बुधवारी संध्याकाळी विहिरीकडून कपाशीत शिरलो आणि जागीच थांबलो. पानं भेंडीच्या पानासारखी लांबट, बारीक झालेली. शेंडे पिळवटलेले. पस्तीस दिवसांची कपाशी, शनिवारी फवारली तेव्हा नंबर एक होती. ज्यानं हे एकदा पाहिलंय त्याला सांगायची गरज नाही. हा रोग नाही, कीड नाही. ही २,४-डी तणनाशकाची बाधा.

माझ्या रानाच्या पश्चिमेला धाकट्या भावाचं रान आहे. त्यात मका. आठ दिवसांपूर्वी पुतण्याला पाठीवर पंप घेऊन मक्यात फिरताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मक्यात रुंद पानाच्या तणाला २,४-डी मारतात हे सगळ्यांना माहीत आहे. आषाढातला वारा पश्चिमेचा. झालं, माझा हिशोब जुळला.

कानाच्या पाळ्या गरम झाल्या. छातीत कुणीतरी मूठ आवळावी तसं झालं. उजवा हात कोपरापासून खाली थरथरायला लागला. हे सगळं मला कळत होतं, म्हणून लिहितोय. सात-आठ वर्षांपूर्वी हेच सगळं व्हायचं, पण कळायचं नाही. कळायचं तेव्हा होऊन गेलेलं असायचं.

काय होऊन गेलं होतं ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

फेब्रुवारी २०१८ ची गारपीट जालना जिल्ह्यातले शेतकरी विसरणार नाहीत. हातातोंडाशी आलेला हरभरा, गहू आडवा झाला. त्याच्या आधीच्या हंगामात बोंडअळीनं कपाशी खाल्ली होती. सोसायटीचं कर्ज, वर हातउसने. त्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी तळाला गेलं. विहीर आम्हा दोघा भावांत सामाईक, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. एक दिवस माझी पाळी असताना भावाची मोटर चालू दिसली. तासाभराचा प्रश्न होता. मी फावडं घेऊन गेलो. भावावर उगारलं, पुतण्या मधे आला, फावड्याचा दांडा त्याच्या मनगटावर बसला. पोरगं तेव्हा नववीत. हाड तडकलं. महिनाभर प्लास्टर. भावानं पोलिसात तक्रार दिली नाही, पण त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं सोडलं.

पुढं वर्षभर मला झोप नव्हती. रात्री डोळा लागला की तो दांड्याचा आवाज यायचा.

आमचं घर बौद्ध. वडील वर्षावासात तीन महिने रोज रात्री विहारात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचायचे, आम्ही पोरं मांडी घालून ऐकायचो, निम्मे झोपायचो. त्रिशरण-पंचशील तोंडपाठ. पण डोळे मिटून बसणं आमच्या घरात कधी नव्हतं. ध्यान म्हटलं की ते बुवा-महाराजांचं काम, असंच डोक्यात. पाहुण्यांमधल्या एका मास्तरांनी इगतपुरीचं सांगितलं. आमच्या विहारातले एक जण म्हणाले, "बाबासाहेबांनी आपल्याला लढायला शिकवलं, डोळे मिटायला नाही." त्यांचं म्हणणं मला अर्धं पटतं, आजही. पण बावीस प्रतिज्ञांमध्ये आपण अष्टांग मार्ग पाळीन असं म्हणतो, आणि त्या मार्गाचं आठवं अंग सम्यक समाधी आहे, सातवं सम्यक स्मृती. मग ती दोन अंगं कुणी करायची?

तूर काढून झाली, आणि फेब्रुवारी २०१९ ला परतूरहून रेल्वेनं निघालो. मनमाड, नाशिक, इगतपुरी. स्टेशनपासून धम्मगिरी जवळच आहे.

हे केंद्र १९७६ पासून चालू आहे. सत्यनारायण गोयंका यांनी उभं केलं. गोयंका म्हणजे ब्रह्मदेशात मंडाले इथं १९२४ ला जन्मलेले मारवाडी व्यापारी. अर्धशिशीनं हैराण, मॉर्फिनच्या इंजेक्शनापर्यंत गोष्ट गेलेली. ते ज्यांच्याकडं शिकायला गेले ते सयाजी ऊ बा खिन साधू नव्हते, सरकारी नोकर होते, ब्रह्मदेशाचे महालेखापाल. त्यांनी आधी नाहीच म्हणून सांगितलं. डोकेदुखी बरी करायला येणार असशील तर येऊ नको, मन साफ करायचं असेल तर ये. १९६९ ला गोयंका भारतात आले आणि शिबिरं सुरू केली. २०१३ ला ते वारले. आता शिबिरात त्यांचा रेकॉर्ड केलेला आवाज असतो, रोज संध्याकाळी प्रवचन असतं. पैसे घेत नाहीत. जेवण, राहणं सगळं आधीच्या शिबिरार्थींच्या दानावर चालतं. दान द्यायचं तर शिबिर पूर्ण केल्यावरच, आधी देतो म्हटलं तरी घेत नाहीत. मला आधी वाटलं काहीतरी गोम असेल. नव्हती.

मोबाईल जमा. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, कुणाच्या डोळ्यात बघायचंसुद्धा नाही. त्याला आर्य मौन म्हणतात. पहाटे चारला घंटा. साडेचारपासून बसणं. अकराला जेवण, पाचला चहा आणि थोडे चुरमुरे, रात्री जेवण नाही. माझ्यासारख्या रात्री तीन भाकरी खाणाऱ्या माणसाची पहिले दोन दिवस काय हालत झाली असेल ते समजून घ्या.

पहिले साडेतीन दिवस एकच काम. नाकपुड्यांपाशी श्वास येतोय, जातोय, ते बघायचं. श्वास ओढायचा नाही, मोजायचा नाही, मंत्र नाही. आनापान म्हणतात त्याला. सोपं वाटतं ना? दहा श्वास सलग बघून दाखवा. मी तिसऱ्या श्वासाला विहिरीवर असायचो, पाचव्याला सोसायटीत. तिसऱ्या दिवशी मी बॅग भरली होती. निघायचं म्हणून सहायक आचार्यांना सांगायला गेलो. ते म्हणाले, "आजचा दिवस थांबा." थांबलो. त्या रात्री इतकं रडलो की उशी ओली झाली. शेजारचा जालन्याकडचाच होता हे मला दहाव्या दिवशी मौन सुटल्यावर कळलं. तो म्हणाला, मला ऐकू आलं होतं, पण नियम.

चौथ्या दिवसापासून विपश्यना. मन डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत फिरवायचं आणि जिथं जे जाणवतंय ते बघायचं. खाज, मुंग्या, ऊब, दुखणं. बघायचं, आणि काही करायचं नाही. दिवसातून तीन वेळा एकेक तास हातपायसुद्धा हलवायचा नाही, त्याला अधिष्ठान म्हणतात. पहिल्या तासात माझ्या गुडघ्यात कुणी खिळा ठोकतंय असं वाटलं. नाकाच्या शेंड्यावर खाज सुटली. हात उचलायचाच होता. म्हटलं बघू तरी. खाज वाढली, आणखी वाढली, जळाल्यासारखी झाली, आणि कमी होत होत गेली. मी काहीच केलं नव्हतं.

त्या क्षणी मला आमचे कृषी सहाय्यक आठवले. हसू नका. शेतीशाळेत ते कानीकपाळी ओरडायचे, एक अळी दिसली की पंप उचलू नका. आधी मोजा. कपाशीच्या पानामागं दोन-तीन तुडतुडे दिसले तरच फवारणी. गुलाबी बोंडअळीला कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले तरच. आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात तिला. ती ओलांडायच्या आत फवारलं तर पैसा जातो, आणि मित्रकिडी मरतात त्या वेगळ्याच. आम्ही मान डोलवायचो आणि घरी येऊन एक अळी दिसली की दुकान गाठायचो. तिथं हॉलमध्ये बसल्या बसल्या कळलं की मी भावाबरोबरही आयुष्यभर हेच केलं होतं. एक तासाची मोटर, आणि लगेच फावडं.

दहा दिवसांत मी सुधारलो असं नाही. घरी येताना मनमाडला जागेवरून एका माणसाशी भांडलोच. पण भांडताना कान गरम झालेले मला कळले. पहिल्यांदाच.

गावात आल्यावर चेष्टा झाली. "शेतकऱ्याला डोळे मिटून बसायला टाईम कुठाय?" हा प्रश्न जुनाच आहे. त्रिपिटकात, सुत्तनिपातात, एक शेतकरी ब्राह्मण आहे, कसिभारद्वाज. पाचशे नांगर जुंपून त्याची पेरणी चालू होती. बुद्ध भिक्षापात्र घेऊन उभे राहिले. तो म्हणाला, मी नांगरतो, पेरतो, मग खातो. तूही नांगर, पेर, मग खा. बुद्धांनी त्याला सांगितलं की मीही शेतीच करतो. आणि बी कोणतं, नांगर कोणता, पाऊस कोणता हे त्याच्याच भाषेत समजावून दिलं. मला ती गोष्ट आवडते कारण त्या शेतकऱ्यानं लाज न बाळगता विचारलं, आणि बुद्धांनाही त्याचा राग आला नाही.

रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा असं सांगतात. माझं पहाटे चाळीस मिनिटं होतं. पेरणीत, काढणीत पंधरा. सोयाबीनच्या मळणीत कधी कधी आठवडा कोरडा जातो. खरं ते लिहितोय.

एक प्रश्न मी आजवर सोडवू शकलो नाही. पंचशीलातलं पहिलं शील, जीव घेणार नाही. आणि मी तर फवारणी करतो. शिबिरात दुपारी विचारायची वेळ असते, तेव्हा विचारलं होतं. आचार्य म्हणाले, कर्माची मुळी चेतनेत आहे, कोणत्या मनानं करताय ते बघत चला. तेवढ्यानं माझं समाधान झालं असं नाही. पण फवारण्या कमी झाल्या. पूर्वी कपाशीला सात-आठ व्हायच्या, आता तीन-चार. निंबोळी अर्क आणि सापळे आधी, औषध शेवटी. ज्यांना याचं चांगलं उत्तर माहीत असेल त्यांनी मला सांगावं.

आता बुधवारी संध्याकाळी परत चला.

घरी आलो तेव्हा हात थरथरतच होता. बायकोला सांगितलं. ती चुलीपाशी होती, मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. म्हणाली, "आवं, आज नका जाऊ. उद्या जा. कपाशी काय रातीतून सुधरणार हाय का?" ती कधी इगतपुरीला गेलेली नाही, हे नमूद करतो.

गेलो नाही. पण शांत होतो असं समजू नका. पुतण्याला काय काय बोलायचं ते मनात तीनदा पाठ केलं. जेवण गेलं नाही. पहाटे बसलो तर श्वास कुठला, सगळं मकाच दिसत होतं. तरी बसलो. छातीतली मूठ बघत बसलो. अर्ध्या तासानं ती सैल झाली असं नाही, पण ती माझी आहे, पुतण्याची नाही, एवढं जरा दिसायला लागलं. आणि त्यातच एक गोष्ट डोक्यात आली. मी बाधा बघितली ती विहिरीपाशी. विहीर पूर्वेला. भावाचा बांध पश्चिमेला. मधे दोन एकर कपाशी.

उजाडताच रानात गेलो आणि पश्चिमेकडून सुरुवात केली. बांधालगतच्या तासातली पानं पंज्यासारखी रुंद, हिरवीगार. दहावं तास, तसंच. विसावं, तसंच. वाऱ्यानं उडून आलं असतं तर बांधाकडे सगळ्यात जास्त दिसायला हवं, आणि आत येता येता कमी. इथं उलटं. चालत चालत विहिरीपाशी आलो. तिथले साधारण चार गुंठे पूर्ण गेलेले. त्याच्या पुढचे चार गुंठे मध्यम. त्याच्या पुढचे नुसते शेंडे जरा वाकडे. त्यापुढं काही नाही.

चार गुंठे म्हणजे एक पंप.

शनिवारी तुडतुड्यासाठी फ्लोनिकामिड मारलं होतं, पंप विहिरीवर भरत होतो, सुरुवात तिथूनच केली होती. पहिला पंप, दुसरा पंप, तिसरा पंप. आणि त्याच पंपानं पंधरा दिवस आधी पांदीच्या कडेचं गाजरगवत मी स्वतः मारलं होतं. कशानं? २,४-डीनं. धुतला होता का? एकदा पाणी फिरवलं होतं. नळीत, गाळणीत, नोझलमध्ये राहिलेलं तेवढं कपाशीला पुरतं. कपाशी या औषधाला किती नाजूक आहे हे मी इथंच दोनदा लिहिलंय.

बांधावर बसलो. बुधवारी रात्री गेलो असतो तर काय झालं असतं याचा विचार करायचा नाही म्हटलं तरी येत होता. पुतण्या आता एकविसाचा आहे, मधे येणारं पोरगं राहिलेला नाही.

वडील वाचायचे त्या ग्रंथात रोहिणी नदीची गोष्ट आहे. शाक्य आणि कोलीय, दोघं शेजारी, एकमेकांचे सोयरे. मधे रोहिणी नदी, तिच्या पाण्यावर दोघांची शेती. पाण्यावरून तंटा झाला, शाक्यांनी युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थानं विरोध केला. बाबासाहेबांनी गृहत्यागाचं कारण म्हणून म्हातारा, रोगी, प्रेत ही नेहमीची गोष्ट मानली नाही, हे पाण्याचं भांडण मांडलं. लहानपणी मला वाटायचं, एवढा मोठा माणूस पाण्याच्या पाळीवरून घर कशाला सोडेल. आता वाटत नाही.

गुरुवारी दुपारी भावाच्या रानात गेलो. सात वर्षांत आपण होऊन पहिल्यांदा. भाऊ नव्हता, पुतण्या होता. मला बघून तो उभा राहिला, दोन पावलं मागं सरकला. ते दोन पावलं मला दिसले. मी म्हटलं, "तुझ्या मक्यात काय मारलं होतंस?" तो म्हणाला, "थोरले आबा, ॲट्राझीन. उगवायच्या आधीच मारलेलं. परवा तर मी झिंकचा फवारा घेतला." म्हणजे माझ्या डोळ्यांनी जो पाहिला तो पंप झिंकचा होता.

मग मी त्याला माझ्या पंपाचं सगळं सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "शेंडे खुडा आन युरिया मारा." आणि संध्याकाळी न बोलवता आला, माझ्याबरोबर विहिरीकडचे शेंडे खुडले. मी त्याला मनगटाचं विचारलं. थंडीत दुखतं म्हणाला. मी माफी मागितली. सात वर्षं मागायची राहिली होती. तो काही बोलला नाही, तास पुरं करून घरी गेला. भाऊ अजून बोलत नाही. बांधाच्या मोजणीचा अर्ज त्यानं दिलाय, तो चालू आहे.

एक गोष्ट गंभीरपणे. नापिकीनं, कर्जानं ज्यांचं मन फार खचलंय, जीव नकोसा झालाय, त्यांनी शिबिराची वाट बघू नये. शिबिराच्या फॉर्मवरच मानसिक आजाराबद्दल विचारतात, आणि खरं ते सांगावं. आधी डॉक्टर. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

आता कपाशीचं. बाधा झालेले शेंडे खुडून टाकले. दहा लिटरला शंभर ग्रॅम युरिया घेऊन फवारलं, दुसऱ्या पंपानं. एक डवरणी दिली. मधल्या चार गुंठ्यात खालून नवीन फूट दिसतेय, पानं रुंद येतायत. विहिरीजवळच्या चार गुंठ्यांचं सांगता येत नाही, बहुतेक पंधरा दिवस मागं राहील.

आणि तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा. दोन पंप परवडत नसतील तर निदान नळी, गाळणी, नोझल काढून धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं तीन वेळा धुवा, नुसतं पाणी फिरवू नका. मी जुन्या पंपाला लाल ऑइलपेंटचा पट्टा मारलाय. तो आता फक्त पांदीला.

पुढच्या आठवड्यात तुरीचे शेंडे खुडायचे आहेत, बीडीएन ७११ आहे. त्याचं तेव्हा लिहितो.